‘बॅकअप आहे’ म्हणजे नक्की काय आहे?

आमच्या क्षेत्रात एक प्रश्न आणि त्याचं उत्तर जवळपास रोज ऐकू येतं. “बॅकअप आहे ना?” “हो, आहे.” एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं आणि मीटिंग पुढच्या मुद्द्याकडे सरकते. उत्तर देणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं. रोज रात्री दोन वाजता एक प्रोग्राम आपोआप चालतो, सकाळी डॅशबोर्डवर हिरवी खूण दिसते. आणखी काय हवं?

मला मात्र या उत्तरात एक जुना नैतिक प्रश्न दिसतो. मी एखादी गोष्ट न तपासता खरी मानली, अगदी प्रामाणिकपणे खरी मानली, आणि माझ्या या मानण्यावर दुसऱ्या कोणाचं तरी काहीतरी अवलंबून असेल, तर ते मानणंच चुकीचं ठरतं का? खोटं बोलणं वाईट हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण न तपासता खरं बोलणं? आणि ते खरं निघालंच तर?

आधी बॅकअप म्हणजे काय ते थोडं बघू, कारण प्रश्नाची गाठ तिथेच आहे.

ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना रोजकीर्द आणि खतावणी हे शब्द माहीत असतील. दिवसभरात जे व्यवहार झाले ते ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने रोजकीर्दीत उतरवायचे आणि मग तिथून प्रत्येकाच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत, न्यायचे. आजचे डेटाबेस जवळपास हेच करतात. कोणताही बदल आधी एका लॉगमध्ये लिहिला जातो आणि मग मूळ डेटामध्ये जातो. त्यामुळे समजा खतावणी जळाली, पण रविवारी रात्री काढलेली तिची एक प्रत आणि त्यानंतरची रोजकीर्द हातात आहे, तर बुधवारी दुपारी तीन वाजताची खतावणी जशीच्या तशी पुन्हा उभी करता येते. पूर्ण प्रत अधिक नंतरचा लॉग, एवढंच सूत्र आहे.

सूत्र सोपं आहे, पण त्यातली प्रत्येक कडी वेगवेगळ्या प्रकारे तुटू शकते. प्रतीची फाइल तयार होते, पण आत काहीच नसतं. लॉगचा मधलाच एक तुकडा गायब असतो आणि त्यापुढचं सगळं निरुपयोगी ठरतं. फाइल कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच सर्व्हरवर असते जो बंद पडलाय. किंवा सगळं शाबूत असतं, पण परत आणायला चार दिवस लागतात आणि धंदा दोन दिवसांत बसतो. यातली एकही गोष्ट ‘बॅकअप घेतला’ या हिरव्या खुणेत दिसत नाही. कळते फक्त एकाच मार्गाने: बाजूला एखाद्या रिकाम्या मशीनवर सगळं खरोखर परत आणून बघितलं तर. आमच्या भाषेत, रिस्टोर करून बघितलं तर.

३१ जानेवारी २०१७ची गिटलॅबची गोष्ट आमच्या क्षेत्रात बहुतेकांनी ऐकलेली असते. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात अशा जागांपैकी ही एक. रात्री उशिरा एक इंजिनिअर दुय्यम डेटाबेसची अडचण सोडवत होता. दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर पुसायची कमांड त्याच्याकडून मुख्य सर्व्हरवर चालली. चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोपर्यंत सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

इथपर्यंतची गोष्ट कोणाच्याही हातून घडू शकते. खरी गोष्ट पुढची आहे. बॅकअप आणि प्रती ठेवण्याच्या त्यांच्याकडे एक नाही, पाच पद्धती होत्या. त्या रात्री एकेक उघडून बघितली तेव्हा कळलं की कुठलीच भरवशाची नाही. रोजचा बॅकअप डेटाबेसच्या एका आवृत्तीच्या साधनाने घेतला जात होता आणि डेटाबेस दुसऱ्या आवृत्तीचा होता, त्यामुळे तो बॅकअप दररोज फसत होता. फसल्यावर ईमेल यायची सोय होती. पण त्या ईमेलवर आवश्यक ती सही नसल्याने समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. म्हणजे यंत्र रोज ओरडून सांगत होतं आणि आवाज कोणापर्यंत पोचत नव्हता. शेवटी कामी आली ती एक वेगळीच प्रत. चाचणीच्या कामासाठी एका इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली. तिच्यावरून साइट उभी राहिली. मधल्या तासांतलं काम मात्र गेलं: सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कॉमेंट आणि ७०० नवी खाती.

आता विचार करा. ३० जानेवारीला कोणी तिथे जाऊन विचारलं असतं, “बॅकअप आहे ना?” तर उत्तर ‘हो’च आलं असतं, आणि ते मनापासून असतं.

असं मनापासूनचं ‘हो’ १८७७ साली एका इंग्रज गणितज्ञाने पकडलं होतं. त्याचं नाव विल्यम किंग्डन क्लिफर्ड, आणि निबंधाचा विषय होता विश्वास ठेवण्याची नीती. त्यात एक जहाजमालक आहे. त्याचं जहाज जुनं झालंय, अनेकदा दुरुस्त केलेलं आहे, आणि आता देश सोडून जाणाऱ्या माणसांना, बायकामुलांना घेऊन निघणार आहे. मालकाच्या मनात शंका येते: एकदा तपासून घ्यावं का? पण तपासणी म्हणजे खर्च. मग तो स्वतःची समजूत घालतो. इतक्या वादळांतून हे जहाज सुखरूप आलंय, याही वेळी येईल. देव या गरीब कुटुंबांची काळजी घेईल. असं करत करत त्याची खरंच खात्री पटते. हलक्या मनाने तो जहाजाला निरोप देतो. जहाज समुद्रात बुडतं आणि तो विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस त्या मृत्यूंचा दोषी आहे. त्याचा विश्वास प्रामाणिक होता, हा बचाव चालणार नाही, कारण त्याच्यापुढे जो पुरावा होता त्यावरून तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. शंका होती, तपासायची सोय होती, आणि त्याने तपासण्याऐवजी शंका दाबली. पुढे क्लिफर्ड खरा टोला मारतो. तो म्हणतो, समजा जहाज बुडालं नाही, त्या खेपेला आणि नंतरच्या अनेक खेपांना सुखरूप पोचलं. मालकाचा दोष कमी होतो का? जराही नाही. तो फक्त उघडा पडला नाही. हे लिहिणारा क्लिफर्ड १८७० साली सूर्यग्रहण पाहायला निघालेल्या मोहिमेत स्वतः जहाजफुटीतून वाचला होता. बुडणाऱ्या जहाजावरची माणसं त्याच्यासाठी नुसतं उदाहरण नव्हती.

मला या निबंधातला जहाजमालक रोज भेटतो. तो चांगला माणूस असतो. त्याने बॅकअपचं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असतं, रिपोर्ट ठेवलेले असतात. फक्त एकदाही काही परत आणून बघितलेलं नसतं, आणि त्याबद्दल विचारलं की तो जहाजमालकाचीच वाक्यं बोलतो: इतकी वर्षं काही झालं नाही.

एका ग्राहक कंपनीकडे वर्षातून एकदा होणाऱ्या ‘डीआर ड्रिल’ला मी हजर होतो. डीआर म्हणजे आपत्ती आल्यास सगळी यंत्रणा दुसरीकडे उभी करणं. तारीख महिनाभर आधी ठरली होती. मूळ सर्व्हर बंद न करता एक छोटं टेबल परत आणलं गेलं, स्क्रीनशॉट काढले गेले, ऑडिटच्या फाइलला जोडले गेले. आमच्यातल्या एकाने विचारलं, “सर, एकदा पूर्ण डेटाबेस आणून बघू या का? एक शनिवार लागेल.” सर हसून म्हणाले, “आणि नाही आला तर? रिपोर्टमध्ये काय लिहायचं?” त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, थकवा होता. पण त्या वाक्यात सगळं होतं. शंका होती. तपासायची सोय होती. आणि उत्तर कळू नये ही इच्छाही होती.

इथे एक रास्त आक्षेप येतो. सगळंच कोण तपासणार? आपण लिफ्टमध्ये चढताना दोर तपासत नाही, गोळी घेताना रसायनशास्त्र तपासत नाही. क्लिफर्डला उत्तर देणाऱ्या विल्यम जेम्सने १८९६ साली हेच वेगळ्या रीतीने मांडलं. काही निर्णय असे असतात की त्यांचा पुरावा हाती येणं शक्य नसतं आणि निर्णय पुढेही ढकलता येत नाही. तिथे विश्वास ठेवूनच पाऊल टाकावं लागतं, आणि तसं करण्याचा माणसाला हक्क आहे. मैत्री, प्रेम, श्रद्धा यांबाबत मला हे पटतं. पण बॅकअप या यादीत बसत नाही. त्याचा पुरावा हाती येऊ शकतो. त्याची किंमत एक शनिवार आणि एक रिकामं मशीन एवढीच आहे. जिथे पुरावा मिळू शकतो आणि आपण तो मागत नाही, तिथे विश्वास हा शब्द वापरणंच चुकीचं आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. प्रत्यक्षात आपण माणसांना निकालावरूनच जोखतो. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोघांनी याला ‘नैतिक नशीब’ असं नाव दिलं. दोन माणसं सारखीच बेफिकीर गाडी चालवतात. एकाच्या वाटेत मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. बेफिकिरी सारखीच, तरी आपण पहिल्याला आयुष्यभर माफ करत नाही आणि दुसरा कोणाच्या लक्षातही राहत नाही. मग क्लिफर्डचं ‘दोष सारखाच’ हे कितपत खरं?

आमच्या क्षेत्रात या नशिबाची उदाहरणं हवी तितकी सापडतात. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा मालवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं काही तासांत झोपलं. त्याची झळ आपल्या न्हावाशेव्यापर्यंत आली. जेएनपीटीमधल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. मर्स्ककडे बहुतेक सर्व्हरचे बॅकअप होते. नव्हता तो डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे कोण आत येऊ शकतं आणि कोणाला काय दिसतं याची मूळ वही ज्या सर्व्हरवर असते त्याचा. असे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांच्या प्रती ठेवत होते. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब होता. सगळे एकदम जातील हे कोणी धरलं नव्हतं. एकच वाचला, घानामधला. का? हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून पुढचं सगळं उभं राहिलं. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवले, असं कंपनीच्या अध्यक्षांनीच नंतर जाहीरपणे सांगितलं.

पिक्सारचीही गोष्ट अशीच. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ बनत असताना एका चुकीच्या कमांडने चित्रपटाच्या फाइल पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप नीट चालत नव्हते हे तेव्हाच कळलं. तांत्रिक विभागातल्या गॅलिन सुसमन यांना नुकतंच बाळ झालं होतं, त्या घरून काम करत होत्या, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. ती वाचवायला आली.

घानाचं लोडशेडिंग आणि एका आईचं घरून काम. यात त्या कंपन्यांचं कर्तृत्व शून्य आहे. वीज गेली नसती, बाळ सहा महिने आधी जन्मलं असतं, तर त्याच सवयींना आज आपण अक्षम्य म्हटलं असतं. नेगलचं निरीक्षण बरोबर आहे: आपण खरंच निकालावरून जोखतो. पण त्यातून निघतं एवढंच की आपलं जोखणं डळमळीत आहे. निकाल नशिबाच्या हातात असतो. निकालाच्या आधीचा शनिवार माझ्या हातात असतो. ज्याला स्वतःला जोखायचंय, त्याला मोजायला तेवढाच भाग उरतो.

मग प्रत्येकाने सगळं तपासलंच पाहिजे का? मार्केट यार्डातल्या एखाद्या व्यापाऱ्याचं टॅलीचं सगळं खातं एका पीसीवर असतं आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतो. त्याच्याकडे रिकामं मशीनही नाही आणि शनिवारही नाही. त्याला मी दोषी म्हणणार नाही. त्याचं जहाज त्याचंच आहे आणि त्यात तो स्वतः बसलाय. त्याच्याकडे गेलेल्या हार्डवेअरवाल्याला मात्र एक कर्तव्य आहे: जेवढं तपासलं तेवढंच सांगणं. “बॅकअप आहे” असं न म्हणता, “रोज कॉपी होते, पण त्यावरून कधी उघडून बघितलेलं नाही” असं सांगणं. हे वाक्य फुकट आहे. ते ऐकून त्या व्यापाऱ्याला ठरवता येतं की पेन ड्राइव्ह घरी न्यायचा की नाही.

प्रामाणिक वाक्य पुरतं ते फक्त ऐकणाऱ्याला निवड असते तेव्हा. कंपन्यांमध्ये आरपीओ नावाचा एक आकडा ठरवतात. अर्थ असा की संकट आलं तर जास्तीत जास्त किती वेळाचा डेटा गेलेला चालेल. चोवीस तास असा आकडा ठरला, तर एका माणसाचं दिवसभराचं काम जाऊ शकतं हे मान्य करून त्यावर सही केलेली असते. ज्या मुलीने दिवसभर मान मोडून पावत्या भरल्या, ती त्या मीटिंगमध्ये नसते. ती ‘गेलेला चालेल’ असं म्हणालेली नसते. तिला दुसऱ्या दिवशी फक्त सांगितलं जातं, कालचं परत भर.

दक्षिण कोरियात हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि जी-ड्राइव्ह नावाची सरकारी साठवण जळाली. ८५८ टीबी. बाहेर कुठेही बॅकअप नव्हता, साठा फार मोठा आहे म्हणून. कर्मचाऱ्यांना कामाच्या फाइल स्वतःच्या पीसीवर न ठेवता तिथेच ठेवायला सांगितलेलं होतं. ज्यांनी नियम नीट पाळला, त्यांचं सगळ्यात जास्त गेलं. हेच क्लिफर्डचे प्रवासी. त्यांनी जहाज निवडलं नव्हतं. त्यांना त्यात बसवलं होतं.

म्हणून माझं मत असं बनलंय: जिथे माणसाला निवड आहे, तिथे न तपासलेलं न तपासलेलं म्हणून सांगणं पुरेसं आहे. जिथे निवड नाही, तिथे ते पुरत नाही, तपासावंच लागतं. सातबारा, हॉस्पिटलातला केसपेपर, पीएफचं खातं, विद्यापीठाची गुणपत्रिका. यातल्या कुठल्याच सर्व्हरची निवड आपण केलेली नाही.

आता ऐकणाऱ्याबद्दल, कारण बहुतेक वेळा आपण सगळे ऐकणारेच असतो. त्या ड्रिलमधल्या सरांचं वाक्य पुन्हा बघा: नाही आला तर रिपोर्टमध्ये काय लिहायचं? त्यांना डेटाची भीती नव्हती, रिपोर्ट वाचणाऱ्याची होती. ‘बॅकअप उघडला नाही’ असं लिहिणाऱ्याला जिथे झापलं जातं आणि कधीच न उघडणाऱ्याला हिरवी खूण मिळते, तिथे जहाजमालक तयार होत राहतात. गिटलॅबने त्या रात्री वेगळं केलं. त्यांनी दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आपल्या पाचही पद्धती कशा फसल्या ते सविस्तर लिहून सगळ्यांपुढे ठेवलं, आणि दोष एका इंजिनिअरच्या बोटांवर न टाकता कोणीच न तपासलेल्या व्यवस्थेवर ठेवला. आज मला या कामातलं जे थोडंफार कळतं, त्यातलं बरंचसं अशा लिहून ठेवलेल्या अपयशांतून आलंय.

तेव्हा कोणी “बॅकअप आहे” म्हणालं की एकच प्रश्न विचारा: “शेवटचं परत कधी आणून बघितलं होतं?” हा प्रश्न स्वतःलाही विचारता येतो. तुमच्या फोनवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा कूटबद्ध बॅकअप उघडायला पासवर्ड, पासकी किंवा ६४ अंकी किल्ली लागते, आणि ती हरवली तर व्हॉट्सअ‍ॅपलाही तो उघडता येत नाही. किल्ली कुठे आहे, आत्ता सांगू शकाल? आणि समोरच्याने जर थांबून, जरा ओशाळून “अजून कधीच नाही बघितलं” असं उत्तर दिलं, तर त्याच्यावर चिडू नका. तो खरं बोललाय. त्याला विचारा, येत्या शनिवारी वेळ आहे का, आणि जमलं तर सोबत बसा.